पान एकशे त्रेचाळीसवरची शिट्टी

पान १४३, पहिला खर्डा

दोर ताणला गेला तेव्हा तो ओरडला. ताणलेला दोर ओरडतो हे होडीतल्या सातही जणांना माहीत होतं, पण हा दोर त्यांची नावं घेऊन ओरडत होता. समोर जहाज एका कुशीवर झुकलं होतं, इतकं की त्याच्या पोटाला चिकटलेले शिंपले दिसत होते. कप्तान मागच्या डेकवर आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. (ती पुढे कधीच सुटणार नव्हती, पण हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.) त्याने तीनदा भोंगा दिला आणि थांबला. होडीतला दिवेकरी उभा राहिला. त्याने शिट्टी ओठांत धरली आणि एकदाच, लांब, वाजवली.

म्हणजे: समजलं. सोड.

मग कुऱ्हाड खाली आली.

पान १४३, समास

पेन्सिलीने, गिचमिड अक्षरात, वरपासून खालपर्यंत:

"रोजच्या कामात हे बरोबर. मागे ओढून आणलेली बार्ज सोडायची तर टगने तीन भोंगे द्यायचे, बार्जवरच्या माणसाने एक लांब शिट्टी द्यायची, मगच दोर अडकवलेला हूक सोडायचा. पण जहाज आडवं ओढलं जात असताना?? तेव्हा हातात चार सेकंद असतात. तीन भोंगे देऊन उत्तराची वाट बघणारा कप्तान उत्तर तळाशी जाऊन ऐकेल. एकतर जहाज झुकलेलं ठेवा, नाहीतर शिट्टी ठेवा. दोन्ही एका पानावर राहत नाहीत. लिहिणाऱ्याने आयुष्यात टग पाहिलेला नाही, किंवा कोणीतरी त्याला चक्क उल्लू बनवलं आहे."

हा समास भरणारा माणूस टगवर, म्हणजे जहाजं आणि बार्ज ओढणाऱ्या बोटीवर, तीस वर्षं दोरखंड सांभाळून निवृत्त झालेला. गोदीत त्याला गाठवाला म्हणतात. समुद्राच्या तपशिलात चुका नकोत म्हणून संपादकबाईंनी हस्तलिखित त्याच्याकडे पाठवलं होतं. बाकी पानांवर तो तसा दयाळू होता. पान १२: "मासे बोलतात? बोलू देत." पान ९०: "अशी गाठ नसते. जादूची आहे म्हणून सोडून दिली." पान १४३ मात्र त्याने सोडलं नाही.

पानं मंगळवारी आली. फाइल सोमवारी सकाळी छापखान्यात जाणार होती.

हे पुस्तक काय आहे, थोडक्यात

आठवीच्या पुस्तकातला तो धडा सगळ्यांना पाठ असतो. वादळ. दोनशे माणसांचं जहाज. मागे दोराने बांधलेली होडी, तीत सात माणसं. होडी जहाजाला आडवं ओढते. कप्तान दोर तोडतो, दोनशे वाचतात, आणि धड्याच्या शेवटी कप्तान म्हातारा होईपर्यंत रोज संध्याकाळी समुद्राला सलाम करतो. स्वाध्याय: कप्तानाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

होडीत तुम्ही असता तर, असा प्रश्न कोणी घातला नाही. तो बोयाने घातला.

बोया म्हणजे हे पुस्तक लिहिणारी मुलगी. लहानपणी पाण्यात सोडली की बुडायची नाही, नुसती डुलत राहायची, म्हणून बापाने बंदरातल्या तरंगत्या खुणेच्या पिंपावरून ठेवलेलं नाव. आता ती पंचवीस वर्षांची आहे आणि तिला दुसरं नाव आहे हे बँकेलाच काय ते माहीत. तिने तीनशे बारा पानांची कादंबरी लिहिली, वय वर्षं तेरा ते अठरा या वाचकांसाठी. नायिका सोळा वर्षांची, होडीतली सातवी. दोर तुटल्यावर समुद्र तिच्याशी सौदा करतो: तुला श्वास देतो, त्याबदल्यात रोज एका ओळखीच्या चेहऱ्याची आठवण दे. ती चेहरे देत देत जहाजाचा पाठलाग करते. जहाज गाठते तोवर कप्तानाचा चेहराही देऊन झालेला असतो.

धड्यात शिट्टी नव्हती. शिट्टी घरातून आली.

शिट्टी कुठून आली

सव्वीस वर्षांपूर्वी बाबा बंदरात टग चालवत होते. अजूनही चालवतात. त्या दिवशी मागे दगडांनी भरलेली बार्ज होती. बार्जला इंजीन नसतं, तिला फक्त ओढायचं. बार्जवर राखणीला आईचा भाऊ. बंदराच्या तोंडाशी आडवा प्रवाह लागला, बार्ज एका बाजूला गेली आणि तिने टगला आडवं ओढलं. बाबांनी हूक सोडला. टग सरळ झाला. बार्ज बंधाऱ्याच्या दगडांवर गेली. मामा सापडला नाही.

आई अकरा दिवस बाबांशी बोलली नाही. ताट वाढायची, उचलायची, आणि खालच्या खोलीत, जिथे ती ताडपत्र्या शिवते, तिथे ताडपत्रीच्या घड्यांवर झोपायची. अकराव्या दिवशी बाबा त्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, मी तीन भोंगे दिले होते. त्याने उत्तर दिलं. एक लांब शिट्टी. तो स्वतः सोड म्हणाला.

आईने विचारलं, "लांब होती?"

"लांब होती."

"मग तो घाबरलेला नव्हता," आई म्हणाली. "घाबरलेल्या माणसाला लांब वाजवता येत नाही. तेवढा दम राहत नाही."

त्या रात्री ती वर झोपायला आली. पुढच्या वर्षी बोया झाली.

हे बोयाला आईनेच सांगितलं आहे, निदान पन्नास वेळा. शेजारणींना, ताडपत्री न्यायला आलेल्या ट्रकवाल्यांना, वीज मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं आहे. माझ्या भावाने स्वतः सोड म्हटलं. इतकी लांब वाजवली! असं म्हणताना ती हात खांद्यापासून पूर्ण पसरते.

बुधवार, फोनवर

"तुम्ही पान एकशे त्रेचाळीसवर जे लिहिलंय..."

"अगं लिहिलंय म्हणजे काय, खोडलंय. कोणी सांगितलं तुला असलं काही?"

"बाबांनी."

"कोण बाबा?"

तिने सांगितलं.

"बरं," गाठवाला म्हणाला. "मग त्यालाच विचार. माझं नाव घेऊ नकोस. घेतलंस तरी चालेल म्हणा, माझं काय वाकडं करणार तो. आणि हे बघ पोरी, चौकशीत तो खोटं बोलला नव्हता. तिथे त्याने सरळ सांगितलं, वेळ नव्हता, भोंगा दिला नाही, हूक सोडला. आम्ही सगळे तिथे बसलो होतो. सगळ्यांनी मान डोलावली. मीही तेच केलं असतं."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"गोदीत माहीत नसलेला कोण आहे? घरी काय सांगितलं त्याने?"

टगवरचं एकही माणूस सव्वीस वर्षांत घरी जेवायला का आलं नाही, हे बोयाला फोन ठेवल्यावर कळलं. बाबा म्हणायचे, खलाशांना घरी आणलं की ते डोक्यावर बसतात.

गुरुवार, टगवर

टग धक्क्याला बांधलेला. बाबा मागच्या डेकवर उकिडवे बसून हुकाला ग्रीस लावत होते. हात कोपरापर्यंत काळे.

"या लेखिकाबाई. वाट चुकलात?"

"बाबा, मामाने शिट्टी वाजवली होती?"

ग्रीसचा हात थांबला नाही. "सव्वीस वर्षांनी हा काय प्रश्न?"

"टग किती कलला होता?"

"इथे हुकापाशी उभं राहून नुसतं पाणी दिसत होतं. खाली वाकून नाही, समोर बघून."

"हे तुम्ही नेहमी सांगता."

"खरं आहे म्हणून सांगतो."

"मग तीन भोंगे कधी दिलेत?"

आता हात थांबला. बाबांनी चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसायला लागले. पाचही बोटं पुसून झाल्यावर म्हणाले, "कोणी भरवलं?"

"गाठवाल्याने. पुस्तक तपासायला त्याच्याकडे होतं."

"त्या म्हाताऱ्याकडे? त्याला अक्षर ओळखता येतं?"

"पान एकशे त्रेचाळीस ओळखलं त्याने."

बाबा उठले. त्यांनी तिचं मनगट धरलं. ग्रीसचे डाग तिच्या बाहीवर उमटले. हुकाच्या बाजूला तो सोडायचा कमरेइतका उंच लाल दांडा होता, तो त्यांनी तिच्या हातात दिला.

"धर. बार्ज तिकडे गेली. टग कलला. मोजतो. एक. दोन. अशी बघत काय बसलीस? तीन. चार."

तिने दांडा ओढला नव्हता.

"मेलीस," बाबा म्हणाले. "मी मेलो. पुढचे दोन खलाशी मेले. खाली इंजीनवाला, त्याला तर कळलंही नाही का मेला. आता भोंग्याची दोरी बघ कुठे आहे. वर, केबिनमध्ये. सांग, लेखिकाबाई, कुठल्या सेकंदाला जाऊन वाजवू? तिसऱ्या?"

"मग घरी का सांगितलंत?"

"तुझ्या आईला अकरा दिवस गप्प बघितलं आहेस तू? नाही ना? मग तोंड बंद ठेव."

"तुम्ही चुकला नव्हतात. हूक सोडण्यात काहीच चुकलं नव्हतं. नुसतं खरं सांगितलं असतंत तरी..."

"तरी काय? ती म्हणाली असती, वा, माझा भाऊ बुडवलात पण नियमाने बुडवलात?" बाबा हसले. ते हसणं बघवत नव्हतं. "ते प्रकरण काढून टाक."

"आईने वाचलंय. तेच पान तिने दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. नसलं तर विचारेल."

"मग राहू दे. तुझ्या पुस्तकात मासे बोलतात, हाडं गातात, समुद्र तोंडं गिळतो. एक शिट्टी जड झाली?"

"मासे बोलतात ते कोणी खरं मानत नाही. शिट्टी आई खरी मानते."

"मग मानू दे की! तुझ्या बापाचं काय जातं?" आणि मग स्वतःच्याच वाक्यावर चिडून, "गाठवाला हसेल, गोदी हसेल, छापलेल्या पुस्तकात चूक दिसेल, एवढंच तुला डाचतंय. आईबिई काही नाही. तुला तुझं पान नीट हवंय."

हे अर्धं खरं होतं. कुठलं अर्धं, हे बोयाला त्या क्षणी सांगता आलं नसतं, म्हणून ती जास्तच चिडली.

"गाठवाल्याला आता कळलंय तुम्ही घरी काय सांगितलं ते. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हीच म्हणता. पुस्तक छापून आलं की गोदीतला कोणीतरी ताडपत्री न्यायला येईल आणि आई हात पसरून सांगायला लागेल, आणि तो हसेल. तिच्या तोंडावर. तसं कळायला हवंय तिला?"

बाबांनी ग्रीसचा डबा झाकला.

"सोमवारी सकाळी फाइल जाते. त्यात शिट्टी नसेल. तुम्ही रविवारपर्यंत सांगा. नाहीतर पुस्तक सांगेल."

"बापाला धमकी देतेस?"

"तारीख देतेय."

"उतर," बाबा म्हणाले. "माझ्या टगवरून उतर. आधी उतर."

पान १४३, दुसरा खर्डा

जहाज एका कुशीवर झुकलं.

एक. कप्तान मागच्या डेकवर आला. त्याने होडीकडे पाहिलं नाही.

दोन. होडीकडे पाहिलं असतं तर हात उचलला गेला नसता. (खोडलं. त्याला हे माहीत असायला वेळ नव्हता.)

दोन. कुऱ्हाड वर गेली.

तीन. दिवेकरी खाली वाकला होता. होडीत आलेलं पाणी उपसायचं डबडं त्याला सापडत नव्हतं. तो कोणावर तरी खेकसत होता, इथेच ठेवलं होतं, कोणी उचललं. त्याची जहाजाकडे पाठ होती.

(इथे सहा ओळी होत्या. त्यात त्याला सगळं समजतं. काढल्या.)

चार.

शुक्रवार, शनिवार

तिघं एका टेबलाशी जेवली. शुक्रवारी बाबा म्हणाले, मीठ. शनिवारी तेही म्हणाले नाहीत, हात लांब करून स्वतः घेतलं.

"तुमचं दोघांचं काय बिनसलंय?" आईने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर मग असेच राहा. तुम्ही भांडलात की घरात भांडी चकचकीत घासली जातात." ती एकटीच हसली. मग बोयाला म्हणाली, "छापून आलं की पाच प्रती जास्तीच्या घे. एक तुझ्या मोठ्या मावशीला. ते शिट्टीचं पान मी दुमडून देणार आहे तिला, म्हणजे बाकीचं मासेबिसे वाचायला नको."

बोयाने बाबांकडे पाहिलं. बाबा ताटाकडे बघत होते. पायरीवर चप्पल घालताना ती हळूच म्हणाली, "उद्या रविवार."

"मला वार कळतात," बाबा म्हणाले.

रविवार, खालची खोली

सकाळचे दहा. आई ट्रकवर टाकायची ताडपत्री शिवत होती. असल्या कामाला दोन माणसं लागतात: एक मशीनवर, दुसरं पलीकडे कापड उचलून धरायला, नाहीतर वजनाने शिवण वाकडी जाते. पलीकडे बोया. मशीन जुनं, जाड सुईचं, चालू असलं की खिडकीची काच थरथरते. कोपऱ्यात भोकांना लावायच्या पितळी कड्यांचं खोकं, कात्री, मेणाचा तुकडा.

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. बोयाने कापड खाली ठेवायला घेतलं.

"धर गं," आई ओरडली. "अजून अठरा फूट आहे."

"जरा मशीन बंद कर," बाबा म्हणाले.

"काय?"

"मशीन बंद कर!"

"अठरा फूट राहिलंय म्हणतेय ना! बोला, ऐकू येतंय मला."

येत नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणाले, आईने मान तिरकी केली, "काय? मोठ्याने!"

आणि म्हणून बाबांना ते ओरडून सांगावं लागलं. धक्क्यावर दोर टाकताना ओरडतात तसं.

"शिट्टी झाली नव्हती!"

सुई आणखी वीतभर चालली. मग आईचा पाय पट्टीवरून उचलला गेला. खोली इतकी एकदम शांत झाली की बोयाच्या कानात मशीन चालूच राहिलं.

"परत बोला."

"शिट्टी झाली नव्हती. मी भोंगा दिला नाही. वेळच नव्हता. चार सेकंद. मी सोडला. घरी येऊन... तू बोलत नव्हतीस. म्हणून."

आईने सुईखालचं कापड सोडवलं. दोरा कापला. कात्री टेबलावर ठेवली, मग उचलून पुन्हा खोक्यात ठेवली.

"तो काय करत होता?"

"कोण?"

"माझा भाऊ. काय करत होता तेव्हा?"

"दिसलं नाही. मी मागे बघितलं नाही."

"पाठ होती का तोंड होतं?"

"बघितलंच नाही म्हणतोय ना!"

"म्हणजे त्याला कळलंच नाही," आई म्हणाली. "तो आपला उभा असेल. तुम्ही ओढताय या भरवशावर."

बाबा पायाशी आलेलं कड्यांचं खोकं सरकवायला वाकले.

"अकराव्या दिवशी सांगितलंत. दहा दिवस काय करत होतात? शिट्टी किती लांब करायची ते ठरवत होतात?"

"अगं, तू विचारलंस लांब होती का. मी फक्त हो म्हटलं. ते बाकीचं, घाबरला नव्हता वगैरे, ते तूच जोडलंस."

हे म्हणायला नको होतं, हे त्यांनाही म्हणता म्हणता कळलं.

"मी जोडलं," आई म्हणाली. "बरोबर. मीच जोडलं. आणि मीच आईला सांगितलं. ती जाताना. विचारत होती सारखी, त्याला त्रास झाला का, त्याला त्रास झाला का. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, नाही गं, तो स्वतः सोड म्हणाला. ती हसली आणि गेली. मी तिला खोटं सांगून पाठवलं. तू पाठवायला लावलंस."

आयुष्यात पहिल्यांदा ती बाबांना तू म्हणाली होती. तिघांनाही ते ऐकू आलं.

"मला तरी काय माहीत तू सगळ्यांना सांगत सुटशील..."

"तोंड बंद." आई बोयाकडे वळली. बोयाच्या हातात अजून कापडाचं टोक होतं. "आणि तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"आज रविवार. चार दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस. पाच प्रती घे म्हटलं तर मान हलवलीस."

"बाबांनी सांगावं म्हणून थांबले. माझं सांगणं नव्हतं ते."

"तुझं लिहिणं होतं मात्र. लिहिलंस ना? काढलीस शिट्टी?"

"काढली."

"काय टाकलंस तिथे?"

बोयाने सांगितलं. दिवेकरी डबडं शोधतो. कोणावर तरी खेकसतो. पाठ.

आईने सगळं ऐकून घेतलं. "तो खेकसायचा नाही कधी," ती म्हणाली. "हेही खोटंच."

"ही कादंबरी आहे, आई. तो मामा नाही."

"अस्सं! शिट्टी होती तेव्हा मामा होता. दोनदा वाचून दाखवलंस तेव्हा मामा होता. मी रडले तेव्हा नाही म्हणालीस, आई, ही कादंबरी आहे." ती स्टुलावरून उठली. "तुम्ही दोघं एकाच मातीचे. एकाने मला बोलती करायला शिट्टी दिली, एकीने पान नीट करायला काढून घेतली. मला विचारायला कोण आलं? मला पाहिजे होती की नव्हती?"

"पाहिजे होती?" बोयाने विचारलं.

"आता विचारतेस?"

तिने टेबलावरचा फोन उचलला. तिने एक नंबर लावला, आवाज मोठा करायचं बटण दाबलं आणि फोन बाबांच्या छातीशी धरला.

"काय हे?"

"ताई. मी तिला सांगितलं होतं. तू तिला सांग."

"मी काय सांगू तिला?"

"जे आत्ता ओरडलास ते. इथे ओरडायला लागणार नाही. मशीन बंद आहे."

"अगं, म्हाताऱ्या बाईला उगाच कशाला..."

"माझ्या भावाची बहीण आहे ती. बोल. नाही बोललास तर मी आत्ता वर जाऊन तुझे कपडे धक्क्यावर नेऊन टाकते. टगवर झोप. तिथे तरी सगळ्यांना माहीत असेल."

बाबांनी फोन घेतला. दोन्ही हातांनी, जड असल्यासारखा. घंटी वाजत होती. बोयाला वाटलं, मावशी उचलणार नाही. आणि मग वाटलं, उचलावा. आपण नक्की काय मागतोय हे तिला कळेना.

"हॅलो? काय गं, आज सकाळीच?"

"मी आहे," बाबा म्हणाले.

"भाऊजी? तुम्ही? अगबाई. तिला काही झालं का?"

"तिला काही नाही. तिचं बरं आहे. एक सांगायचं होतं." ते थांबले. आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि डोळे मिटत नव्हती. "ती शिट्टी. तुमच्या भावाची. ती झाली नव्हती. मी त्याला काही कळवलं नाही. विचारलं नाही. वेळ नव्हता, मी सरळ हूक सोडला. नंतर घरी येऊन खोटं सांगितलं."

पलीकडे कुठेतरी रेडिओ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा.

"भाऊजी," मावशी म्हणाली, आवाज अगदी खाली आणून, "ती जवळपास नाही ना?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने काहीच केलं नाही.

"तिला हे सांगू नका," मावशी म्हणाली. "मला सांगितलंत ते ठीक आहे. मी गिळते. पण तिला नका. ती त्या शिट्टीवर उभी आहे हो. तेवढी माया करा तिच्यावर."

"मी ऐकतेय, ताई," आई म्हणाली.

पलीकडून मावशीच्या रडण्याचा आवाज यायला लागला, आणि आईने हात पुढे करून फोन बंद केला.

"आता माझ्या धाकट्या भावाला," ती म्हणाली.

"तो परदेशात आहे. तिथे आत्ता झोपला असेल."

"उठेल."

"उद्या करू. दोन दिवसांनी करू. एका दिवसात सगळ्यांना..."

"लाव."

बोया दाराकडे वळली. वर तिच्या टेबलावर फाइल उघडीच होती.

"तू कुठे निघालीस?" आईने मागे न बघता विचारलं. "बस इथे. शेवटपर्यंत ऐकायचंस."

बोया ताडपत्रीच्या घडीवर बसली. बाबांनी चष्मा चढवला, नंबर शोधला आणि लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली. आईने मान हलवून त्यांना फोन तोंडाजवळ धरायला सांगितलं.